सात वेळा नऊ

९ फेब्रुवारी

प्रिय टिल्ल्या,

तुझं पत्र काल मिळालं. बारा वर्षांनी भावाचं पत्र यावं आणि ते 'महोदया' या शब्दाने सुरू व्हावं, म्हणून मी आधी पाकीट उलटून पाहिलं, चुकून दुसऱ्या कुणाचं तर आलं नाही ना. पण खाली सही तुझीच होती, शेपटी तशीच लांब ओढलेली, आणि सहीखाली शिक्का, 'अध्यक्ष, नदीकाठ गृहसंस्था'. अध्यक्ष झालास हे मला शेजारणीकडून कळलं होतं. अभिनंदन करायचं राहिलं होतं, ते आता करते.

तू लिहितोस की नदी खात्याने नवी पूररेषा आखली आहे, तुमच्या वसाहतीतली चाळीस घरं तिच्या आत आली आहेत आणि अठरा मार्चला जनसुनावणी आहे. 'आपण चौतीस वर्षे पाणीपातळी वाचक म्हणून केलेली सेवा लक्षात घेता' मी तिथे येऊन एवढंच सांगायचं, की एकतीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरातही पाणी नऊ मीटरच्या वर गेलं नव्हतं. ज्याचं नाक मी माझ्या फ्रॉकला पुसलं त्याने मला 'आपण' म्हणावं, याचं मला दिवसभर हसू येत होतं. संध्याकाळी मात्र जरा वाईट वाटलं.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. घर रेषेच्या आत आलं की वर मजला चढवता येत नाही, तळघर करता येत नाही, आणि विकायला काढलं तर येणारा माणूस नकाशा बघून चहाही न घेता उठतो. तू ते घर कसं बांधलंस हे मला ठाऊक आहे. एकेक वीट वाजवून घेतलीस म्हणे. वहिनी मला बाजारात भेटते तेव्हा सगळं सांगते, हे तुला माहीत नसेल तर आता माहीत झालं. तिच्यावर चिडू नकोस.

तुझा एक मुद्दा मात्र पत्रातून काढून टाक. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर एकतीस वर्षांपूर्वी येऊन गेला, सबब पुढील एकोणसत्तर वर्षे चिंतेचे कारण नाही.' तू गणिताचा मास्तर ना रे? वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर तू त्याला बाकावर उभं केलं असतंस. फाशात एकदा सहा पडले म्हणून पुढच्या खेपेला सहा पडायचे राहतात का? शंभरात एक म्हणजे दर वर्षी नव्याने शंभरात एक. नदी काही भिंतीवर कॅलेंडर लावून बसलेली नसते. हे सुनावणीत बोललास तर ते साहेब लोक गालात हसतील, आणि तुला कुणी हसलेलं मला अजूनही चालत नाही.

मी येईन. काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही. पाठीला आधार असलेली खुर्ची ठेवायला सांग.

तुझी ताई
(म्हणजे महोदया)


१७ फेब्रुवारी

प्रिय टिल्ल्या,

निदान 'ताई'वर तरी आलास. पत्र दोनच ओळींचं, पण हाताने लिहिलेलं. 'ताई, ठरवायचं काय आहे त्यात? नोंदवहीत आहे तेच सांगायचं.' बरं.

परवा माझ्याकडे नदी खात्यातली एक मुलगी येऊन गेली. नवी पूररेषा आखली ती हिनेच. दिसायला तुझ्या धाकट्या लेकीएवढी, खांद्याला कायम मोजायची टेप अडकवलेली, म्हणून मी तिला टेपवाली म्हणते. तिलाही ते आवडलेलं दिसतं. मला वाटलं होतं, ही तुमच्या आक्षेपावर मला खडसावायला आली असेल. ती आली ती बूट बाहेर काढून, आणि आल्या आल्या विचारते कशी, की आजी, तुम्ही पातळी वाचायच्या तेव्हा पट्टीपर्यंत किती पायऱ्या उतरायला लागायच्या. चौतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. बत्तीस, मी सांगितलं. रोज तीनदा, आणि पूर असला की तासातासाला.

मग तिने पिशवीतून माझ्या वहीच्या पानाची प्रत काढली. माझंच अक्षर. दुपारी एक वाजता आठ मीटर पंच्याऐंशी. दोनला नऊ. तीनला नऊ. चारला नऊ, पाचला नऊ, आणि असं करत रात्री आठपर्यंत सात वेळा नऊ. नऊ वाजता आठ नव्वद. तिने त्या सात आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजी, एवढी उसळलेली नदी सहा तास एका रेघेवर उभी राहिली?"

तिचं गाडं इथेच अडलं आहे. त्या दिवशी वर किती पाऊस पडला त्यावरून आणि नदीच्या पात्राच्या मापावरून ती हिशोब करते तेव्हा पाणी दहाच्या वर निघतं. नोंदवही म्हणते नऊ. आणि तुमच्या संस्थेचा सगळा आक्षेप या फरकावर उभा आहे, की संगणकाचं काय घेऊन बसलात, प्रत्यक्ष नदीकाठी उभ्या असलेल्या बाईने नऊ लिहिलंय.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती मी तिलाही सांगितली. पट्टीच नऊ मीटरची होती. काळ्यापांढऱ्या खुणांची ती लोखंडी पट्टी पायऱ्यांच्या कडेला ठोकलेली, तुला आठवत असेल. तिचं वरचं टोक म्हणजे नऊ. टोक बुडालं की पुढचं मोजायला पट्टी नाही. म्हणून नऊ.

त्यावर ती म्हणाली, पट्टी बुडाली तर पाण्याच्या कडेला दर तासाला खुंटी ठोकायची आणि तिच्यावर वेळ लिहायची असा नियम होता ना. मी म्हटलं, होता, पण खुंट्या वाहून गेल्या. तिने ते लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेली. मुलगी चांगली आहे. कप स्वतः विसळून ठेवला.

तू नातीला सायकल शिकवतोस असं ऐकलं. सीट धरून पळताना कंबर सांभाळ.

तुझी ताई


२ मार्च

प्रिय टिल्ल्या,

तुझं चिडलेलं पत्र मिळालं. तू चिडलास की तुझी अक्षरं उजवीकडे झुकतात, लहानपणापासून. तू म्हणतोस, पट्टी बुडाल्याचं बोलायची गरज नाही, विचारलं तेवढंच सांगायचं. आणि शेवटी लिहितोस, 'बारा वर्षांपूर्वी मी तुला सरळ विचारलं होतं. तेव्हा तू काय म्हणालीस ते आठव.'

आठवतंय. त्याचंच उत्तर द्यायला बसले आहे. चार कागद फाडून झाले आहेत, हा पाचवा, आणि हा फाडायचा नाही असं ठरवलं आहे.

परवा सकाळी मी टेपवालीला निरोप पाठवून जुन्या पंपघराशी बोलावलं. खुंट्या वाहून गेल्या हे मी तिला खोटं सांगितलं होतं, ते आधी कबूल केलं. ती नुसती टेपशी चाळा करत राहिली. मग मी तिला पंपघराच्या मागच्या भिंतीकडे नेलं. तिथे पाण्याच्या टाकीआड, मी खिळ्याने ओढलेली एक रेघ आहे. पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी, चिखलाचा डाग अजून ओला असताना ओढलेली. वर रंगाचे तीन थर बसले होते. आम्ही दोघींनी नाण्याने खरवडले, तेव्हा खाली सापडली. तिने यंत्र लावून मोजलं. दहा मीटर चाळीस. मला मोजायची गरज नव्हती. एकतीस वर्षं तो आकडा मला पाठ आहे.

आता खुंट्यांचं. खुंट्यांचा भारा त्या दिवशी पाणी मोजायच्या चौकीतच होता, कोरडा. त्या ठोकायला मी तिथे नव्हते.

एक वाजता मी आठ पंच्याऐंशी लिहिले आणि नदीच्या वरच्या अंगाच्या चौकीवरून फोन आला, की अजून बरंच पाणी येतंय, खालचा काठ तासाभरात तुटेल. खालच्या काठाला तेव्हा वसाहत कुठली, दोन वीटभट्ट्या आणि भट्टीवाल्याच्या चार खोल्या. त्यातल्या एका खोलीत तू भाड्याने राहत होतास. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलेली, तुझा तापाचा तिसरा दिवस, आणि सकाळी मीच तुला गोळी देऊन सांगून आले होते की दार आतून लाव आणि गप झोप. चौकीवर मी एकटी. पाठवायला कुणी नाही. दीडला मी वही मिटली आणि निघाले.

तुझ्या दाराशी पोचले तेव्हा पाणी पायरीला लागलं होतं. दोन हाका मारल्या, तू उठला नाहीस. मग दगड घेऊन दार ठोकलं आणि तिसरी हाक मारली. तू दार उघडलंस, डोळे लालभडक, आणि मला म्हणालास, "ताई, चहा टाकू का?" टिल्ल्या, त्या क्षणी मला तुला एक थोबाडीत द्यावीशी वाटली होती आणि पोटाशीही धरावंसं वाटलं होतं. तुला खांद्यावर टाकून वरच्या शाळेत आणेपर्यंत चार वाजून गेले. कंबरेएवढ्या पाण्यातून आलो आपण. तुला काहीच आठवत नाही, कारण तू वाटेत सगळा वेळ कुणाला तरी वर्गसमीकरण समजावून सांगत होतास. नंतर तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, ड्युटी संपवून आले. तू तेच खरं धरून चाललास.

पाचला चौकीवर परत आले तर पट्टी कुठे होती हेही दिसत नव्हतं. तेव्हा खुंटी ठोकली असती तर दोन, तीन, चार या रकान्यांचं काय ते सांगावं लागलं असतं. मी तेव्हा हंगामी होते. पुराच्या तासाला चौकी सोडली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मी नऊ लिहिला. एकदा लिहिला म्हणून सात वेळा लिहिला. चौथ्या दिवशी ती रेघ ओढली ती माझ्या मनाच्या समाधानासाठी. कुणाला सांगितलं नाही.

आणि मग बारा वर्षांपूर्वी तू जागेचा कागद घेऊन आलास. भट्टीवाल्याच्या खोल्या होत्या त्याच्या शेजारचीच जागा. मी म्हटलं, घेऊ नकोस. तू कारण विचारलंस. मी म्हटलं, मी सांगते म्हणून घेऊ नकोस. तू म्हणालास, "तुझ्या वहीत नऊ आहे, माझं जोतं साडेनऊला येतं. तुझी नोंद खोटी आहे का?" मी म्हणाले, "माझी नोंद खोटी नाही." तू म्हणालास, मग तुला माझं बरं झालेलं बघवत नाही. यानंतर बोलायला काही उरलंच नव्हतं.

आयुष्यात एकच गोष्ट अशी होती जिच्यासाठी लोक मला उठून खुर्ची द्यायचे, ती म्हणजे ती वही. ती वाचवायला मी तुला त्या जागेत घर बांधू दिलं. हे लिहायला मला चार कागद लागले.

नव्या घरात राहायला गेलात त्या दिवशी मी फाटकापाशी वहिनीच्या हातात पुडकं देऊन परत फिरले, आणि पुढे कधीच उंबरठा ओलांडला नाही. तुला वाटलं माझ्या नाकावर राग आहे. तसं नव्हतं. आत आले असते तर मला फर्निचर दिसलंच नसतं, पाणी कुठवर येईल तेवढंच दिसलं असतं. साडेनऊला जोतं म्हणजे तुझ्या हॉलमध्ये नव्वद सेंटीमीटर. आणि खालच्या खोलीत नात झोपते, बुटक्या खाटेवर, हे वहिनीने बोलता बोलता सांगितलं तेव्हापासून मी रोज रात्री त्या खाटेची उंची मनात मोजते.

आकडेमोड तुझी तूच करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवायचं आता तुला काही कारण नाही. टेपवाली म्हणते, नऊ धरलं तर तुझ्या जोत्यावर पाणी चढण्याची शक्यता दर वर्षी दोनशेत एक. दहा चाळीस धरलं तर तिसात एक. नात चार वर्षांची आहे. ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत घरात एकदा तरी पाणी येईल की नाही, हे नाणं उडवून ठरवण्यासारखं आहे.

तुझी ताई


१४ मार्च

प्रिय टिल्ल्या,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नाही असं म्हणायला गेले तर ते अजून एक खोटं होईल. पोस्टमन आता मला बघून लांबूनच हात हलवतो, म्हणजे काही नाही.

वहिनी बाजारात भेटली. तू माझं पत्र तिला दिलं नाहीस, पण दोन दिवस वही घेऊन आकडेमोड करत बसला होतास, आणि मग जेवला नाहीस, असं म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही. ते तुझं तू सांग.

अठराला मी काय बोलणार आहे ते तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. तुला तोंडघशी पाडायचं नाही. मी सांगणार की त्या सात नोंदी खऱ्या नाहीत, पट्टी बुडाली होती, मी जागेवर नव्हते, आणि खरी पातळी पंपघराच्या भिंतीवर आहे. जागेवर का नव्हते ते मी सांगणार नाही. तुझं नाव घेणार नाही. माझी चूक मी निस्तरेन, तुझ्या माथी मारणार नाही. तू हवं तर संस्थेतर्फे उभा राहून माझं म्हणणं खोडून काढ. मी मनाला लावून घेणार नाही. थोडं लावून घेईन, पण दाखवणार नाही.

तुमच्या अर्जातली दुसरी मागणी वाचली, काठाला भिंत बांधून द्या. टेपवालीला विचारलं. तिने माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन डबे आडवे ठेवले आणि मधून पाणी ओतून दाखवलं. एका बाजूचा डबा पुढे सरकवला की पाणी समोरच्या डब्यावर चढतं. समोरच्या काठाला कोण राहतं ते तुला माहीत आहे, तुझ्याच शाळेतली निम्मी मुलं. आणि भिंतीच्या आत पडलेला पाऊस नदीत जायला वाट शोधतो, ती त्याला मिळत नाही. नदीला पुराच्या दिवसांत पसरायला जागा लागते. ती आपण दिली नाही तर ती घेते, आणि घेताना आधी सांगत नाही. ओटा पुसायला मला अर्धा तास लागला.

पण चाळीस घरं पाडा असं कुणी म्हणत नाही, हे तू तुमच्या लोकांना नीट समजावून सांग. तुझं ते ऐकतात. नवं बांधकाम नको, तळघर नको, खालच्या मजल्यावर झोपायच्या खोल्या नकोत, विजेचा मीटर वर घ्या. तुम्ही भांडायचंच तर याच्यासाठी भांडा, की वरच्या चौकीवरून वसाहतीत थेट भोंगा वाजला पाहिजे, कुणी बाई चौकी सोडून धावत यायची वेळ येऊ नये. आणि ज्यांना वर खोली नाही त्यांना एक मजला चढवायची परवानगी द्या, पूररेषेच्या नियमात तशी सूट ठेवा. टेपवाली म्हणते, हे लेखी आलं तर तिला वर मांडता येईल. आक्षेपाच्या पत्रात एक ओळही या अर्थाची नाही. सगळी तीन पानं रेषा कशी चुकली यावर आहेत.

मी अठराला निळी साडी नेसून येईन, म्हणजे मी लांबूनच ओळखू येईन आणि तुला टाळायचं असलं तर बाजूने जाता येईल.

तुझी ताई


१९ मार्च

प्रिय टिल्ल्या,

काल तू तिथेच होतास, तेव्हा काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. पण तू पहिल्या रांगेत माझ्याकडे पाठ करून बसला होतास आणि नंतर बाजूच्या दाराने निघून गेलास, म्हणून मला मागून काय दिसलं ते लिहिते.

मला तुझी मान दिसत होती. बाबांसारखीच झाली आहे, मागे दोन आडव्या घड्या. मी नोंदवहीबद्दल बोलायला लागले तेव्हा ती हलली नाही. ध्वनिक्षेपक मधेच किंचाळला तेव्हाही हलली नाही. मी म्हटलं, त्या सात नोंदी मी केल्या आणि त्या खऱ्या नाहीत, तेव्हा तुमच्या संस्थेतला तो जाडा चष्मेवाला मोठ्याने म्हणाला की म्हाताऱ्या बाईला खात्याने फितवलंय. मला राग आला नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला फितवण्याच्या लायकीचं समजलं.

मग टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, त्या वेळी तुम्ही कुठे होता. मी म्हटलं, जागेवर नव्हते. ते म्हणाले, "कारण सांगितल्याशिवाय एकतीस वर्षांपूर्वीची नोंद मी कशी बदलू?" मी म्हटलं, कारण सांगणार नाही. तेव्हा लोक हसले. मी खुर्चीची पाठ धरली. ती खुर्ची पाठीला आधाराची होती. बाकी सगळ्या नुसत्या बैठकीच्या होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हणजे तू माझं पहिलं पत्र नीट वाचलं होतंस.

आणि तू उठलास. मागे न वळता, टेबलाकडे बघत म्हणालास, "ती माझ्या दारात होती. मला ताप होता, दार मी आतून लावलेलं होतं. दोन वाजून गेले होते. तिसऱ्या हाकेला मी उठलो. हे लिहून घ्या."

साहेबांनी विचारलं, तुमचं घर रेषेत येतं ना. तू म्हणालास, येतं. मग संस्थेची ती तीन पानं दुमडून खिशात ठेवलीस आणि दुसरा एक कागद टेबलावर ठेवलास. तो काय होता ते मला आज सकाळी टेपवालीकडून कळलं. भोंगा, वरचा मजला, मीटर, सगळं त्यात आहे, तुझ्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. म्हणजे तू लिहिताना चिडलेलाच होतास, तरी लिहिलंस.

अध्यक्षपद गेलं असं कळलं. चष्मेवाल्याला दिलं म्हणे. वसाहतीतली दोन घरं तुझ्याशी बोलत नाहीत. माझ्यामुळे झालं हे, आणि याचं मला वाईट वाटतं. पण टिल्ल्या, काल घरी येताना मी बसमध्ये रडत होते आणि शेजारच्या बाईने विचारलं काय झालं, तर मी तिला म्हटलं, काही नाही हो, माझा भाऊ बोलला.

टेपवालीने दुरुस्तीचा कागद आणला होता. सात रकाने, सातही नऊंवर मी स्वतः काट मारली. दहा चाळीसच्या पुढे 'भिंतीवरील खुणेवरून' असं तिने लिहिलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. मूळ वहीत तो मी कोरा सोडला होता. तिने विचारलं, इथे काय लिहू. मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'वाचक भावाला उठवायला गेली होती.' ती म्हणाली, आजी, हे सरकारी भाषेत बसणार नाही. मी म्हटलं, बसव. तिने पुन्हा एकदा वाचलं, आणि तसंच ठेवलं.

तुझी ताई


२७ मार्च

प्रिय टिल्ल्या,

तुझं पत्र मिळालं. टंकलेखित, 'महोदया' पासून सुरू, खाली सही, आणि सहीखाली अध्यक्षपदाच्या जागी 'माजी' एवढाच शब्द. 'आमच्या राहत्या घरातील हॉलच्या भिंतीवर सदर पुराची पातळी आपण आपल्या हस्ते खूण करून द्यावी, ही विनंती. नातीची खाट वरच्या खोलीत हलवण्यात आली आहे. तिला जिन्याच्या पायऱ्या किती ते मोजता येते, एकोणीस.' मी हे पत्र चारदा वाचलं. शेजारणीलाही वाचून दाखवलं, तिला काहीच कळलं नाही, तरी ती हसली.

रंग खराब होईल याचा विचार केलास ना? खिळ्याची रेघ पुसत नाही. तीन थर दिले तरी आत राहते. वहिनीला विचार.

रविवारी सकाळी दहाला येते. टेप टेपवालीची आणते, खिळा माझा आहे, तोच, मी टाकला नव्हता. नव्वद सेंटीमीटर म्हणजे नातीच्या हनुवटीला येईल असा माझा अंदाज आहे. तिला रेघेशेजारी उभं करून बघू आणि तिला सांगू की पाणी इथवर आलं होतं, पुन्हा येऊ शकतं, आणि भोंगा वाजला की वर जायचं, काही घ्यायला थांबायचं नाही. आजोबांना हाक मारायची.

चहा मात्र तूच टाक. एकतीस वर्षं राहिला आहे.

आणि दार आतून लावू नकोस. तीन हाका मारायचं आता माझ्याच्याने होणार नाही.

तुझी ताई